समुद्रतळाचे अस्सल कागद

उत्तरेस सातपुड्याची रांग व तिच्या खांद्यावर नरनाळ्याचा किल्ला, दक्षिणेस पूर्णेचें खोरें, आणि मध्यें कपाशीची काळी जमीन. अकोटच्या माणसाचें जग बहुधा एवढ्या चौकटींत मावतें. समुद्र हा आमच्याकडे पुस्तकांत भेटणारा शब्द आहे. परंतु खारें पाणी म्हणजे काय, हें मात्र आम्हां वऱ्हाडकरांस कोणी शिकवावयास नको. पूर्णेकांठच्या खारपाणपट्ट्यांत विहीर खणावी तों खारें पाणी लागावें, आणि घागरभर गोड्या पाण्यासाठीं बायाबापड्यांनीं लांबवर चालत जावें, हा येथला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. खारट पाणी आमच्या पायांखालींच आहे. त्यांत मासे तेवढे नाहींत!

गेल्या हिवाळ्यांत सहकुटुंब मालवणास जाण्याचा योग आला. अकोल्याहून मुंबई, मुंबईहून कोंकण रेल्वेनें कुडाळ, व तेथून मोटारीनें मालवण, असा तो दोन दिवसांचा प्रवास. तेथें मुलांच्या आग्रहानें, आणि खरें सांगावयाचें तर थोडेंसें आमच्याही हौसेनें, पन्नाशी उलटलेल्या आम्हीं पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून सिंधुदुर्गाच्या आसपासच्या समुद्रांत बुडी मारली. या प्रकारास हल्लीं सर्वत्र स्कूबा म्हणतात. पाण्याखालीं आमचें छायाचित्र काढण्यांत आलें, आणि अकोटास परतल्यावर तें आम्हीं मोठ्या अभिमानानें घरांत सर्वांस दाखविलें.

आमच्या आत्याबाई आमच्याजवळच असतात. वय ऐंशीच्या पुढें. समुद्र त्यांनीं कधीं पाहिलेला नाहीं. त्यांनीं चित्र डोळ्यांजवळ नेलें, लांब धरलें, पुन्हां जवळ नेलें, आणि म्हणाल्या, "काऊन रे बापू, ह्याच्यात तं तूच दिसतं, मासा कुठी हाय?"

मासे होते. पण खरोखरच ते दिसण्यासारखे नव्हते. चित्राच्या मध्यभागीं आमचा चेहरा, त्यावर कांचेचा मुखवटा, तोंडांत रबरी नळी, आणि विजयी वीराप्रमाणें उंचावलेलीं दोन बोटें. कडेनें पांढऱ्या चुऱ्याभोंवतीं पिवळ्याकाळ्या पट्ट्यांच्या इवल्या माशांची झुंबड, चालत्या लग्नांत पंक्तीस धांवणाऱ्या पोरांसारखी.

तो प्रश्न आमच्या मनांतून जाईना. आमचा व्यवसाय इतिहास शिकविण्याचा. वर्गांत मुलांस आम्ही नेहमीं सांगतों कीं, कागद पुढें आला म्हणजे प्रथम विचारावें : हा कोणाचा, कोठला, कोणत्या सालचा, आणि लिहिणारानें कोणत्या हेतूनें लिहिला? आत्याबाईंनीं नकळत तीच परीक्षा आमच्या छायाचित्राची घेतली, व तें तींत उतरलें नाहीं. तेव्हां पाण्याखालीं छायाचित्रें घेण्याची ही विद्या कशासाठीं निघाली, आणि आमच्या कोंकणपट्टीवर येईपर्यंत तिचें काय झालें, हें पाहण्याची इच्छा झाली. त्या शोधांत जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

समुद्रांतील प्राण्यांविषयींचें जुनें शास्त्रीय ज्ञान हें बहुतांशीं मेलेल्या प्राण्यांचें ज्ञान आहे. जाळें टाकावें, वर ओढावें, आणि फळीवर जें तडफडत पडेल त्यास नांव द्यावें, अशी रीत होती. मद्रासच्या सैन्यांतील शल्यवैद्य फ्रान्सिस डे यांनीं १८७५ ते १८७८ या सालांत आपल्या देशांतील माशांवर प्रचंड सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याकडे अभ्यासक अद्यापि वळतात. त्याच दशकांत, १८७२ पासून १८७६ पर्यंत, "चॅलेंजर" नांवाचें इंग्रज जहाज पृथ्वीभर हिंडून खोल समुद्राचा तळ खरवडून आलें. या लोकांच्या श्रमांस सीमा नव्हती. परंतु मासा मरतांच त्याचा रंग उतरूं लागतो, आणि बरणींतल्या मद्यार्कांत तर तो पार जातो. शिवाय मासा कोणाबरोबर राहतो, कोणास भितो, कोणत्या फटींत निजतो, हें बरणी सांगत नाहीं. आमच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांस व गाबितांस यांतलें पुष्कळ ठाऊक होतें. पण तें ज्ञान बापाच्या तोंडून मुलाच्या कानांत जाई, कागदावर येत नसे.

जिवंत समुद्राचें चित्र घेण्याचा पहिला प्रयत्न एका वकिलाच्या नांवावर आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वेमथ येथें विल्यम थॉम्प्सन हे गृहस्थ वकिली करीत, व सृष्टिनिरीक्षणाचा त्यांस नाद होता. १८५६ सालीं त्यांनीं एका पेटींत कॅमेरा बसविला, पेटीस पुढून कांच लाविली, व ती होडींतून सुमारें अठरा फूट खोल सोडली. पेटीचें झांकण वरून दोरीनें उघडण्याची सोय होती. दहाएक मिनिटें थांबून पेटी वर ओढली तों तिच्यांत पाणी शिरलेलें! तरीही आंतल्या कांचेवर वाळू, खडक आणि शेवाळ यांची पुसट आकृति उमटली होती. पाण्याखालचें पहिलें छायाचित्र तें हेंच, असें मानतात. मासा त्यांत नव्हता. आणि कोणता मासा दहा मिनिटें एका जागीं उभा राहणार? थॉम्प्सन स्वतः होडींतच बसून होते.

कॅमेरा घेऊन तळावर उतरण्याचा मान लुई बूताँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञास दिला जातो. भूमध्य समुद्राच्या कांठीं बान्यूल येथें सागरी जीवांच्या अभ्यासाची एक प्रयोगशाळा आहे. तेथें ते काम करीत. बुडी मारणाराचें जड शिरस्त्राण व शिशाचे जोडे घालून ते समुद्रांत उतरूं लागले, आणि खालच्या देखाव्यानें इतके भारावले कीं, वर येऊन त्याचें शब्दांनीं वर्णन करणें त्यांस अपुरें वाटूं लागलें. त्यांचे बंधु ऑग्यूस्त हे इंजिनिअर. त्यांनीं कॅमेऱ्यासाठीं पाणी न शिरणारी पेटी बनवून दिली. १८९३ सालीं तिनें घेतलेल्या कांहीं चित्रांस अर्धा अर्धा तास लागला. उजेड पुरेना, म्हणून प्राणवायूनें भरलेल्या पिंपावर कांचेच्या घुमटाखालीं दिवा ठेवून त्याच्या ज्योतींत मॅग्नेशियमची पूड फुंकण्याची युक्ति निघाली. पुढें १८९९ सालीं पाण्याखालीं विजेचे दिवे नेण्यापर्यंत मजल गेली. त्याच सालीं रूमानियाचे शास्त्रज्ञ एमिल राकोवित्सा यांचें, ते पाणबुड्याच्या वेषांत तळावर असतांना, बूताँ यांनीं चित्र घेतलें. आणि १९०० सालीं या सर्व प्रयोगांवर त्यांनीं स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला.

येथें आम्हांस आमच्या घरची एक गोष्ट आठवते. बूताँ समुद्राच्या तळाशीं अर्धा अर्धा तास उभे राहत होते, त्याच दशकांत आमच्याकडे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गांवोगांव फिरून जुनीं दप्तरें धुंडाळीत होते. "मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें" या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. बखर रंजक असते, परंतु ती बहुधा मागाहून व ऐकीव माहितीवर लिहिलेली. म्हणून त्या त्या वेळीं लिहिलेला अस्सल कागद शोधावा, हा राजवाड्यांचा आग्रह. बूताँ यांचा आग्रह याहून निराळा नव्हता. बरणींतला मासा ही समुद्राची बखर. माशाच्या घरीं, त्याच्या वेळेस घेतलेलें छायाचित्र हा समुद्राचा अस्सल कागद. एकानें भूतकाळास व दुसऱ्यानें समुद्रास, त्याच्याच साक्षीनें बोलावयास लाविलें.

हा कागद मिळविणें अवघड कां, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पाणी हें हवेसारखें निःपक्षपाती नाहीं. सूर्यप्रकाशांतला तांबडा रंग तें प्रथम गिळतें. स्वच्छ समुद्रांतही पंधरावीस फुटांपुढें तांबडा रंग बहुतेक नाहींसा होतो, मग नारिंगी, मग पिवळा, आणि शेवटीं निळ्याहिरव्याचें राज्य उरतें. खोल पाण्यांत बोट कापलें तर रक्त हिरवट दिसतें. दुसरें असें कीं, पाण्यांतून कांचेपलीकडच्या हवेंत येतांना किरण वांकतात. त्यामुळें चार हातांवरचा मासा तीन हातांवर भासतो, आणि तीन बोटांचा मासा चार बोटांचा दिसतो. तिसरें, पाण्यांत तरंगणारा गाळ. या सर्वांवर उपाय एकच : आपला उजेड आपण न्यावा, आणि माशाच्या अगदीं जवळ जावें. दुरून नेम धरणाराचें तेथें काम नाहीं. जवळ जावयाचें आणि माशास बुजूं द्यावयाचें नाहीं, ही या विद्येची खरी किल्ली आहे. आणि ती यंत्रापेक्षां मनुष्याच्या संयमांत आहे.

बूताँ यांच्यानंतर संयमापेक्षां यंत्राकडेच लोकांचें लक्ष अधिक गेलें. अमेरिकन जॉन अर्नेस्ट विल्यमसन यांनीं १९१४ सालीं बहामा बेटांच्या समुद्रांत जहाजाखालीं एक लवचीक नळी व तिच्या टोंकास कांचेची खिडकी असलेली लोखंडी खोली सोडली, व तींत कोरडें बसून चलच्चित्रें घेतलीं. ज्यूल व्हर्न यांच्या समुद्रांतील कादंबरीवरचा १९१६ सालचा चित्रपट त्याच युक्तीनें निघाला. रंगीत चित्रास आणखी दहा वर्षें लागलीं. १९२६ सालीं फ्लॉरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशीं विल्यम लाँगले हे शास्त्रज्ञ व चार्ल्स मार्टिन हे छायाचित्रकार यांनीं पाण्यावर तराफा तरंगत ठेवून त्यावर मॅग्नेशियमची पूड पेटविली, व त्या लखलखाटांत खालच्या माशांचीं रंगीत चित्रें घेतलीं. एकदां पुडीचा अकालीं भडका उडून लाँगले चांगलेच भाजले. तीं चित्रें १९२७ च्या जानेवारींत "नॅशनल जिऑग्राफिक" मासिकांत छापून आलीं.

त्याच १९२७ सालीं आपल्या देशांत घडलेली एक गोष्ट, मेळघाटच्या पायथ्याशीं राहणाऱ्या आम्हांस विशेष जवळची वाटते. संयुक्त प्रांतांतील जंगल खात्याचे अधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांचें, वाघांच्या प्रदेशांत कॅमेरा घेऊन केलेल्या भ्रमंतीचें पुस्तक प्रसिद्ध झालें. रानवाटेवर तार ताणून ठेवावी, वाघाचा पाय तिला लागतांच उजेड पडावा व चित्र निघावें, अशी त्यांची योजना होती. बंदुकीनें वाघाचें कातडें मिळे. कॅमेऱ्यानें वाघ मिळाला, आणि वाघ रानांतच राहिला. व्याघ्रप्रकल्प पुढें १९७३ सालीं सुरू झाला व आरंभींच्या नऊ वनांत मेळघाटची गणना झाली. पण शिकारीचा हात सोडून पाहण्याची वाट चँपियन यांनीं त्याआधीं कितीतरी वर्षें दाखविली होती.

समुद्रांत तीच वाट व्हिएन्नाच्या हान्स हास या तरुणानें धरली. त्याच्या १९३९ सालच्या पुस्तकाचें नांवच मोठें बोलकें आहे : पाण्याखालची शिकार, भाला आणि कॅमेरा घेऊन! आरंभीं दोन्ही हातीं होते. पुढें हास यांच्या हातांतून भाला सुटला व कॅमेरा राहिला.

आतां उरली होती श्वासाची अडचण. शिरस्त्राणवाल्या पाणबुड्यास वरच्या पंपाची नळी दावणीच्या दाव्यासारखी बांधून ठेवी. तें दावें १९४३ सालीं फ्रान्समध्यें सुटलें. एमिल गान्यां हे इंजिनिअर, युद्धकाळांत पेट्रोल मिळेना म्हणून, गॅसवर चालणाऱ्या मोटारींसाठीं एक झडप बनवीत होते. मागाल तितकाच वायु ती सोडी. नौसेनेंतील अधिकारी झाक कूस्तो यांच्यासह त्यांनीं ती झडप दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरास जोडली. खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो. तेहतीस फुटांवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. आणि त्या त्या दाबाची हवा, श्वास ओढतांच, ही झडप आपोआप देते. मनुष्य माशासारखा मोकळा झाला. पुढें बेल्जियमचे इंजिनिअर झाँ द वूतेर यांनीं पेटीवांचून पाण्यांत नेतां येईल असा कॅमेरा रचला. तोच १९६३ पासून "निकोनॉस" या नांवानें जपानांतून निघूं लागला, आणि ही विद्या सामान्य हौशी माणसाच्या हातांत आली.

परंतु मोकळें होणें म्हणजे शहाणें होणें नव्हे. कूस्तो यांनीं लुई माल यांच्यासह केलेला "मूक जगत्" या अर्थाच्या नांवाचा चित्रपट १९५६ सालीं कान येथें सर्वोच्च पारितोषिकास पात्र ठरला, व त्यानें कोट्यवधि लोकांस समुद्राचें प्रथम दर्शन घडविलें. त्याच चित्रपटांत एक प्रसंग असा आहे कीं, प्रवाळांत मासे किती व कोणते आहेत तें मोजावयास त्या मंडळींनीं सुरुंग उडविला. दुसऱ्या प्रसंगीं, जखमी देवमाशाच्या पिलाभोंवतीं शार्क जमले तेव्हां ते जहाजावर ओढून कुऱ्हाडींनीं तोडले. हेच कूस्तो उत्तरायुष्यांत समुद्ररक्षणाचे जगभर गाजलेले पुरस्कर्ते झाले, हें खरें. पण तें शहाणपण मागाहून आलें. कॅमेरा हातीं आहे म्हणून हात निष्पाप आहे असें समजण्याचें कारण नाहीं, हा या इतिहासाचा पहिला धडा.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ सालीं स्थापन झाली. आपल्याकडे प्रवाळ म्हटले म्हणजे लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचें आखात व कच्छचें आखात, एवढींच नांवें घेत. पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणीं जिवंत प्रवाळ आहेत, असें याच संस्थेच्या कासिम व वफर या शास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं नमूद केलें. पावसाळ्यांत नद्यांचा गाळ ज्या समुद्रांत मिसळतो, त्या मालवणच्या समुद्रांतही प्रवाळ तग धरून आहेत. १६६४ सालीं शिवाजी महाराजांनीं कुरट्याच्या खडकावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. त्या खडकांच्या पाण्याखालच्या अंगास हें दुसरें नगर नांदत आहे, याची कल्पना किल्ला पाहून परतणाऱ्या पिढ्यांस नव्हती.

१९८७ सालीं मालवणचा २९.१२ चौरस किलोमीटर समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला, त्यांतील ३.१८ चौरस किलोमीटर गाभ्याचा, म्हणजे सिंधुदुर्ग, पद्मगड व सभोंवतालच्या बुडीत खडकांचा. मच्छिमारांनीं त्यास कडाडून विरोध केला, आणि तो समजण्यासारखा आहे. ज्या पाण्यांत आजापणजांनीं रापण ओढली, तेथें उद्यां जाळें टाकतां येईल कीं नाहीं, ही धास्ती ज्याच्या चुलीशीं बांधलेली, त्यास प्रवाळांचें कौतुक कसें सांगावें? तो पाण्याखालचा देखावा त्यास कोणी दाखविलाही नव्हता. सर्व देशांतील प्रवाळांस वन्यजीव कायद्याचें पुरतें संरक्षण मिळाले तें तर २००१ सालीं.

पुढें या शतकांत स्कूबा मालवण व तारकर्ली येथें आलें, आणि चित्र पालटलें. सरकारी पर्यटन महामंडळानें तारकर्लीस पाणबुडीचें शिक्षण देणारी संस्था काढली. गाबितांचीं तरुण मुलें पाणबुडे झालीं. ज्या खडकापाशीं बापानें गळ टाकला, तेथें मुलगा परगांवच्या पाहुण्यास हात धरून नेऊं लागला. ज्यास पोहतां येत नाहीं असा वऱ्हाडांतला माणूसही पंधरा फुटांखालीं जाऊन येतो, ही लहान गोष्ट नव्हे. आणि या धंद्यावर आज अनेक घरें चालतात, हें विसरून लिहिणें अन्यायाचें होईल.

तथापि आमच्या त्या छायाचित्राकडे पुन्हां यावयास हवें. पहिल्या दिवशीं ज्या होडीवरून आम्ही उतरलों, तिच्यावरील पाणबुड्यानें खालीं जातांना पावाचे तुकडे बरोबर नेले होते. ते चुरतांच पट्ट्यांचे मासे चोहोंकडून धांवले, आणि त्या गर्दींत आमचें चित्र निघालें. त्या वेळीं फार आनंद झाला. आपण येतांच समुद्र स्वागतास आला, असेंच वाटलें! सत्य एवढेंच होतें कीं, समुद्र पावाच्या स्वागतास आला होता. त्या खडकावर एरवीं कोण राहतो, काय खातो, कोणापासून लपतो, यांतलें कांहीं त्या चित्रांत नाहीं. बुजरे मासे त्या गलबल्यानें दूर गेले असतील. धीट तेवढे जमले. खोट्या सनदेवर मोहोर खरी असते, अक्षरही सुरेख असतें, फक्त मजकूर झालेल्या गोष्टीचा नसतो; आमचें चित्र हें त्या जातीचें. त्या पाणबुड्यास तरी दोष कसा द्यावा? गिऱ्हाईकास स्वतःचें चित्र हवें असतें, व त्यांत मासे पुष्कळ हवे असतात. मागणी आमची, पुरवठा त्याचा. परंतु रोज शेंकडों पाहुण्यांसाठीं तोच प्रकार होऊं लागला, होड्यांचे नांगर आणि अनोळखी पाय प्रवाळांवर पडूं लागले, तर जें दाखवून धंदा चालतो तेंच एक दिवस उरणार नाहीं; आणि प्रवाळ गेले म्हणजे त्यांच्या आश्रयानें वाढणारी मासळीही जाईल. मग विरोध करणारे मच्छिमार व पाहुणे नेणारे त्यांचे मुलगे, दोघेही एकाच वेळीं उपाशी राहतील.

दुसऱ्या दिवशीं आम्ही पुन्हां उतरलों, निराळ्या होडीवरून. या होडीवरचा पाणबुड्या बावीस-तेवीस वर्षांचा, मितभाषी मुलगा. पाव आणला आहे काय, असें आमच्या चिरंजीवांनीं विचारतां त्यानें नुसती मान हलविली, आणि उतरण्यापूर्वीं एवढेंच बजावलें, "खडकाक हात लावू नकात हां, सर. ता जिवंत आसा." पाणी हिरवट होतें; दोन-तीन हातांपलीकडे सर्व धुरकट. त्यानें आम्हांस एका फटीसमोर नेऊन स्थिर धरून ठेविलें. पहिलीं कांहीं मिनिटें कांहींच दिसेना. आपल्याच श्वासाचा घरघराट तेवढा ऐकूं येई. मग डोळ्यांस संवय झाली. ज्यास आम्ही दगड समजत होतों त्यावर बारीक बारीक तोंडें होतीं. तीं प्रवाळांचीं घरें. एक निळसर मासा एकाच जागेभोंवतीं फेऱ्या घालीत होता, आणि दुसरा जवळ येतांच त्याच्यावर धांवून जात होता. आमच्या गल्लींत ओट्यावर बसणारे म्हातारे कोणास गाय बांधूं देत नाहींत, तसा. आणि शेवटीं फटींतून एक जाड ओठांचें, ठिपक्याठिपक्यांचें तोंड हळूच बाहेर आलें. तो गोब्रा. त्यानें आमच्याकडे पाहिलें, आम्हीं त्याच्याकडे. त्या मुलानें एकच चित्र घेतलें. आम्ही त्यांत नाहीं.

मालवणच्या पश्चिमेस, विजयदुर्गापासून सुमारें १०५ किलोमीटरवर, भर समुद्रांत एक बुडालेलें पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नांवावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथा पाण्याखालीं वीसेक मीटरवर. लांबी सुमारें चाळीस किलोमीटर. १७२९ सालीं कान्होजी वारले. त्यांच्या नांवाचा हा मुलूख किनाऱ्याच्या हद्दीपलीकडे, कोणत्याही दुर्बिणींतून न दिसणारा. २०१९-२० च्या हिवाळ्यांत शास्त्रज्ञांची एक तुकडी तेथें जाऊन, बुड्या मारून, तेथील प्रवाळ व मासे नोंदवून व टिपून आली. आम्ही तेथें कधींच जाणार नाहीं, वाचकांपैकीं बहुतेक जाणार नाहींत. मग तें राखावें असें आम्हांस कां वाटावें? त्या छायाचित्रांमुळें. न पाहिलेल्या मुलुखाविषयीं आपलेपणा उत्पन्न करणें, हें काम पूर्वीं प्रवासवर्णनें करीत. समुद्राच्या बाबतींत तें आतां कॅमेऱ्याच्या वांट्यास आलें आहे.

आणि दुसरें काम त्याहूनही निकडीचें. १९९८ सालीं समुद्राचें पाणी तापून जगभरचे प्रवाळ पांढरे पडले. लक्षद्वीपास त्याचा फार मोठा फटका बसला. अशा वेळीं, पूर्वीं येथें काय होतें, हा प्रश्न उभा राहतो, आणि उत्तर जुन्या चित्रांतच शोधावें लागतें. ज्या खडकाचें आज प्रामाणिक चित्र असेल, त्याचीच हानि उद्यां सिद्ध करतां येईल. ज्याचें नाहीं, त्याविषयीं वादच चालतील. सनदेवांचून वतन गेलेल्या घराण्यासारखी त्याची गति होईल.

म्हणून मालवणास जाणाऱ्या वऱ्हाडांतील, किंबहुना कोठल्याही, कुटुंबास आमचें इतकेंच सांगणें आहे : बुडी अवश्य मारावी, स्वतःचें चित्र काढण्यासही हरकत नाहीं, मनुष्य हौशी आहे. पण एक तरी चित्र असें घ्यावें कीं, ज्यांत आपण नाहीं व पावही नाहीं. घरीं आल्यावर त्यावर ठिकाण, तारीख आणि साल लिहून ठेवावें. माशाचें नांव कळलें तर तेंही, आणि तें तेथल्याच माणसास विचारून. राजवाड्यांस जीं पत्रें मिळालीं, तीं लिहिणारांस आपण इतिहास लिहितों आहों हें कोठें ठाऊक होतें? त्यांनीं फक्त त्या दिवशींचा मजकूर खरा लिहिला, आणि खालीं मिति घातली.

हा लेख लिहावयास बसण्यापूर्वीं दुसऱ्या दिवशींचें तें चित्र आम्हीं आत्याबाईंस दाखविलें. आमच्या मुलांस तें पसंत नाहीं. रंग नाहीं, सर्व हिरवें, निम्मी चौकट काळी. आत्याबाईंनीं तें पूर्ववत् जवळ नेलें, लांब धरलें. बराच वेळ गेला. मग त्या फटीवर त्यांनीं बोट ठेविलें, आणि म्हणाल्या, "हा पाय, हा हाय मासा. घरात बसला हाय."